विश्लेषण : जुन्या युद्धविमानातून हवाई सफर... पण जोखीम कोणाची?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि पनवेल तालुक्यातील ओवे, खारघर, तळोजा या पट्ट्यात विमान हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला. त्याच सुमारास अनेकांच्या मोबाइलवर आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे : दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या मागच्या आसनावर बसून हात हलवणाऱ्या पर्यटकांच्या चित्रफिती. ब्रिटन, अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आईवडिलांना साठीच्या किंवा लग्नाच्या वाढदिवसाला अशी सफर भेट देऊ लागली आहेत. पैसे भरले, दिवस ठरला, विमानात बसले, इतके ते सोपे वाटते. मात्र हे तिकीट एअरलाइनच्या तिकिटासारखे नसते. त्यासोबत एका कागदावर सही करावी लागते आणि त्या सहीचा अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो. तो समजून घेणे का गरजेचे, याचा हा आढावा.

ही सफर म्हणजे नेमके काय?

युद्धासाठी किंवा युद्धाच्या प्रशिक्षणासाठी बांधलेले, नंतर सेवेतून बाद झालेले आणि पुन्हा उडण्याजोगे केलेले विमान, त्यात पैसे भरून बसणारा पाहुणा आणि पुढे अनुभवी वैमानिक, असे या सफरीचे स्वरूप असते. ब्रिटनमध्ये स्पिटफायरची दोन आसनी आवृत्ती यासाठी सर्वाधिक लोकप्रिय आहे. गुडवुड, बिगिन हिल, डक्सफर्ड या जुन्या हवाई तळांवरून ही उड्डाणे होतात. अर्ध्या तासाच्या सफरीचा दर साधारण तीन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे तीन लाख रुपयांहून जास्त असतो. टायगर मॉथसारख्या दोन पंखी, उघड्या कॉकपिटच्या प्रशिक्षण विमानातील छोटी फेरी काहीशे पौंडांत होते.

स्पिटफायरमध्ये बसण्याआधी पाहुण्याला उड्डाणाचा गणवेश, हेल्मेट आणि पॅराशूट दिले जाते. काच कशी उघडायची, पट्टे कसे सोडायचे, वेळ आलीच तर विमानातून बाहेर कसे पडायचे, हे समजावून सांगितले जाते. पॅराशूट फोटोसाठी नसते. या विमानातून उडण्यातली जोखीम वेगळी आहे, याची ती पहिली खूण असते.

एका आसनाच्या विमानात दुसरे आसन कुठून आले?

स्पिटफायर मुळात एका वैमानिकाचे लढाऊ विमान. अशी वीस हजारांहून जास्त विमाने बांधली गेली, त्यातील आज उडण्याच्या स्थितीत असलेली मोजकीच आहेत. युद्ध संपल्यानंतर नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी कारखान्याने काही विमानांत मागे दुसरे कॉकपिट बसवले. ही प्रशिक्षण आवृत्ती फार थोड्या संख्येने तयार झाली आणि तिचा सर्वात मोठा ग्राहक होता नुकताच स्वतंत्र झालेला भारत. भारतीय हवाई दलाने अशी दहा विमाने घेतली. आयर्लंडने सहा घेतली.

आज पर्यटकांना घेऊन उडणाऱ्या दोन आसनी स्पिटफायरपैकी काही त्या आयरिश तुकडीतील आहेत, तर काही मूळच्या एक आसनी विमानांना त्याच धर्तीवर दुसरे आसन जोडून बनवलेल्या आहेत. म्हणजे पाहुणा ज्या जागी बसतो ती जागा प्रवाशासाठी कधीच आखलेली नव्हती. ती लष्करी वैमानिकासाठी होती. तो तरुण होता, वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालेला होता आणि जोखीम हा त्याच्या नोकरीचाच भाग होता.

आपल्याकडे लोक लष्करी विमानातून उडाले आहेत का?

उडाले आहेत, आणि मोठ्या संख्येने. फरक इतकाच, की त्यातील बहुतेकांना ते माहीत नव्हते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची डाकोटा विमाने भारतात मोठ्या संख्येने पडून होती. ती स्वस्तात विक्रीला निघाली. टाटांच्या विमान कंपनीसह अनेक नव्या कंपन्यांनी ती घेतली. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांची दुरुस्ती झाली. सैनिकांसाठीचे लांब बाक काढून प्रवाशांच्या खुर्च्या बसवण्यात आल्या.

महाराष्ट्रात या विमानांची सर्वात लक्षात राहिलेली कामगिरी नागपूरची. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी डाकोटा विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आज मुंबईत टाकलेले पत्र उद्या कलकत्त्यात मिळू लागले, ते या जुन्या लष्करी विमानांमुळे.

याची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून रात्री उडालेले एक डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि विमानातील १४ पैकी १३ जण दगावले. त्या काळच्या विमान प्रवासात जोखीम आजच्या मानाने खूपच जास्त होती.

तरीही एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यायला हवा. डाकोटा हे मूळ ‘डीसी-३’ या प्रवासी विमानाचे लष्करी रूप. त्याच्या नागरी आराखड्याला मान्यता आधीपासून होती. त्यामुळे लष्करी विमान परत नागरी होताना प्रवाशांसाठीचे नियम त्याला लावता आले. स्पिटफायरला असा नागरी भूतकाळच नाही.

भारतात अशी विमाने आज उडतात का?

उडतात, पण तिकीट लावून नाही. भारतीय हवाई दलाकडे जुन्या विमानांची स्वतंत्र ‘विंटेज’ तुकडी आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलेले टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनी प्रेक्षकांसमोर उडाले. त्यानंतर हार्वर्ड हे प्रशिक्षण विमान तुकडीत आले. मे २०१८ मध्ये ‘परशुराम’ नावाचे डाकोटा हिंडन तळावर दाखल झाले. राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. हे विमान ब्रिटनमधून स्वतःच्या पंखांवर उडत, टप्प्याटप्प्याने मुक्काम करत एप्रिल २०१८ मध्ये जामनगरला पोहोचले होते.

‘परशुराम’च्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. आजचे विमान मात्र ते नव्हे. १९४४ मध्ये बांधलेल्या दुसऱ्या डाकोटाला आदरांजली म्हणून तो क्रमांक आणि रंग देण्यात आला आहे. जुन्या विमानांच्या जगात ही पद्धत सर्रास आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र बाहेरचा रंग आणि आतला सांगाडा यांचा इतिहास वेगवेगळा असू शकतो, हे तिकीट काढणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. यातील शेकडो विमाने नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्स कारखान्यात तयार झाली होती. ‘आता ती पर्यटकांसाठी उडवता येतील का,’ असा प्रश्न तेव्हा समाजमाध्यमांवर विचारला गेला. अमेरिकेत काही मिग-२१ खासगी मालकीची आहेत हे खरे. पण निवृत्त जेट विमान उडते ठेवणे पंखे असलेल्या विमानापेक्षा कितीतरी अवघड असते. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटक काडतुसे ठरावीक मुदतीने बदलावी लागतात आणि कारखाना बंद झाला की सुटे भाग मिळणे कठीण होते. आपल्याकडे निवृत्त लढाऊ विमाने संग्रहालयांत, चौकांत किंवा शिक्षणसंस्थांच्या आवारात मांडली जातात.

२५ नोव्हेंबर २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० विमानातून उड्डाण केले, ते अनेकांना आठवत असेल. ते सेवेतील विमान होते आणि त्या तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती म्हणून त्यात बसल्या होत्या. त्याचा पर्यटन उड्डाणांशी संबंध नाही.

एअरलाइनचे विमान आणि हे विमान, नियमांत फरक काय?

एअरलाइनच्या विमानाला उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र असते. ते मिळण्याआधी विमानाचा संपूर्ण आराखडा सरकारी यंत्रणेने तपासलेला असतो. एक इंजिन बंद पडले तर काय, आग लागली तर किती वेळात सगळे बाहेर पडतील, आसने किती धक्का सोसतील, याची उत्तरे कागदावर आणि चाचणीत सिद्ध करावी लागतात. विमान चालवणाऱ्या कंपनीचा परवाना वेगळा. भारतात हे काम नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय करते.

बहुतेक लढाऊ विमानांचा आराखडा अशा नागरी कसोट्यांवर कधीच तपासलेला नसतो. म्हणून त्यांना पूर्ण प्रमाणपत्राऐवजी मर्यादित परवानगी मिळते. त्या परवानगीवर पैसे घेऊन माणसे नेणे एरवी चालत नाही. वेगवेगळ्या देशांनी यातून वेगवेगळे मार्ग काढले आहेत.

ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने २०१५ मध्ये संमतीची पद्धत सुरू केली. आयोजकाने आपली सुरक्षाव्यवस्था प्राधिकरणाला दाखवून मान्यता घ्यायची. पाहुण्याला ‘हे विमान एअरलाइनच्या दर्जाचे नाही’ हे स्पष्ट सांगायचे आणि ते समजल्याची सही घ्यायची. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून संघीय विमान प्रशासन निवडक संस्थांना ‘जिवंत इतिहास’ या नावाखाली नियमांतून सूट देत आले. विमाने उडती ठेवण्याचा खर्च प्रचंड आहे, तो पाहुण्यांच्या पैशांतून निघावा आणि इतिहास जपला जावा, हा त्यामागचा विचार.

दोन्हीकडे तत्त्व एकच : जोखीम पूर्ण दूर करता येत नसेल तर ती लपवू नये. निर्णय प्रौढ माणसाने माहिती घेऊन करावा.

मग अडचण कुठे आली?

दोन अपघातांनी ही अडचण उघड केली. पहिला स्वित्झर्लंडमधला. १९३९ मध्ये बांधलेले युंकर्स-५२ हे तीन इंजिनांचे विमान स्विस हवाई दलाच्या सेवेनंतर अनेक वर्षे पर्यटकांना आल्प्सची सफर घडवत होते. ४ ऑगस्ट २०१८ रोजी ते पिझ सेग्नास शिखराजवळ कोसळले. १७ प्रवासी आणि तीन कर्मचारी असे सर्व २० जण ठार झाले. चौकशीत आढळले की वैमानिकांनी उकाड्याच्या दिवशी अरुंद दरीत विमान फार खाली नेले होते. तिथून परत फिरायला जागा उरली नव्हती. विमानावर गंज आणि देखभालीतील त्रुटीही सापडल्या. अपघात त्यांच्यामुळे झाला नसला तरी इतकी वर्षे त्या कोणाच्या लक्षात आल्या नाहीत, हे गंभीर होते.

दुसरा अपघात अमेरिकेतला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकट राज्यातील ब्रॅडली विमानतळावरून ‘नाइन-ओ-नाइन’ या नावाचे बी-१७ बॉम्बफेकी विमान १० पाहुणे आणि तीन कर्मचारी घेऊन उडाले. प्रत्येक पाहुण्याने सुमारे ४५० डॉलर भरले होते. थोड्याच वेळात उजव्या बाजूच्या इंजिनात बिघाड झाला. विमान परत फिरले, धावपट्टीआधीच खाली आले आणि घसरत जाऊन इमारतीवर आदळले. पाच पाहुणे आणि दोन्ही वैमानिक असे सात जण दगावले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाने वेग आणि चाके यांचे गणित चुकवल्याचे म्हटले. त्याचबरोबर इंजिनांची देखभाल अपुरी होती आणि संघीय प्रशासनाची देखरेखही कमी पडली, असे नमूद केले. मार्च २०२० मध्ये त्या संस्थेची सूट रद्द झाली.

या दोन्ही घटनांत विमान जुने होते म्हणून पडले, असा निष्कर्ष निघालेला नाही. एकात उड्डाणाचा निर्णय चुकला, दुसऱ्यात उड्डाण आणि देखभाल दोन्ही चुकले. पाहुण्यांनी विमानाच्या वयाची जोखीम मान्य केली होती. निष्काळजी देखभालीला किंवा दरीत खाली जाण्याला त्यांनी संमती दिली नव्हती. संमतीच्या पद्धतीची मर्यादा नेमकी इथे आहे. ज्या गोष्टी पाहुण्याला पाहता येत नाहीत, त्या पाहण्यासाठी नियामकच हवा.

सही केली म्हणजे सगळे हक्क गेले का?

नाही. ब्रिटनच्या ग्राहक कायद्यानुसार व्यावसायिकाला स्वतःच्या हलगर्जीमुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी करारातील कलम टाकून झटकता येत नाही. मात्र हलगर्जी सिद्ध करावी लागते आणि त्यासाठी कुटुंबाला परक्या देशात वकील, तज्ज्ञ आणि वेळ उभा करावा लागतो. अमेरिकेत अशा कागदांचे वजन राज्यागणिक बदलते. नियमित एअरलाइनच्या प्रवाशासाठी भरपाईची ठरलेली चौकट असते. भारतात ती हवाई वाहतूक अधिनियम १९७२ मध्ये आहे. जुन्या युद्धविमानाच्या सफरीत ती चौकट लागू होईलच, असे गृहीत धरू नये.

आपला विमा उपयोगी पडतो का?

हा सर्वात दुर्लक्षित प्रश्न आहे. भारतातील वैयक्तिक अपघात विम्याच्या अटींत विमान प्रवासाबाबत एक जुने अपवाद-कलम असते. त्याचा आशय असा की, रीतसर परवाना असलेल्या, ‘प्रमाणित प्रकारच्या’ विमानातील प्रवासी म्हणून झालेला अपघात वगळता हवाई अपघातांना संरक्षण नाही. मर्यादित परवानगीवर उडणारे स्पिटफायर ‘प्रमाणित प्रकारचे’ आहे की नाही, यावर विमा कंपनी वाद घालू शकते. मुदत विम्यासोबत घेतलेल्या अपघाती मृत्यूच्या जोडसंरक्षणातही असेच अपवाद आढळतात. परदेश प्रवासाच्या विम्यात साहसी प्रकार अनेकदा वगळलेले असतात.

म्हणून सफर ठरवण्याआधी विमा कंपनीला ईमेल करून विमानाचा प्रकार आणि परवानगीचा प्रकार कळवावा आणि उत्तर लेखी घ्यावे. एजंटने फोनवर ‘काही हरकत नाही’ म्हटले, त्याला दाव्याच्या वेळी अर्थ नसतो.

तिकीट काढण्याआधी काय विचारावे?

पहिले, विमान कोणत्या परवान्यावर उडते? टायगर मॉथसारख्या काही विमानांना पूर्ण नागरी प्रमाणपत्र मिळू शकते, तसे असेल तर परिस्थिती वेगळी. दुसरे, त्या देशाच्या नियामकाने आयोजकाला पाहुणे नेण्याची मान्यता दिली आहे का आणि ती नियामकाच्या संकेतस्थळावर दिसते का? तिसरे, त्याच प्रकारच्या विमानावर वैमानिकाचा अनुभव किती? चौथे, आयोजकाचा प्रतिपाहुणा विमा किती रकमेचा आहे? पाचवे, हवामान बिघडले तर पैसे परत मिळतात का? शेवटचा प्रश्न पैशांचा वाटला तरी सुरक्षेचा आहे. उड्डाण रद्द करण्यात ज्याचे नुकसान होते, तो रद्द करायला कचरतो. तारीख सहज बदलून देणारा आयोजक अधिक भरवशाचा.

भेट म्हणून सफर देणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे, गुडघ्यांची शस्त्रक्रिया असलेल्या ज्येष्ठांना अरुंद कॉकपिटमध्ये चढणे-उतरणे आणि वळणावरचा शरीरावरचा दाब सोसणे जड जाते. वजन आणि उंचीच्या मर्यादा असतात. अचानक भेटीचा आनंद बाजूला ठेवून, संमतीचा कागद ज्याला सही करायची आहे त्याला आधी वाचायला द्यावा. घरच्यांनी पैसे भरले आहेत म्हणून धावपट्टीवर उभे राहून नाही म्हणणे फार कठीण असते.

नवी मुंबईत अशी सेवा येऊ शकेल का?

विमानतळ जवळ आला म्हणजे जुनी विमानेही येतील, असे नाही. मुंबई आणि नवी मुंबई या दोन मोठ्या विमानतळांचे आकाश एकमेकांना लागून आहे आणि तिथे प्रवासी विमानांना प्राधान्य असणार. जुन्या पिस्टन इंजिनांना जेट विमानांचे इंधन चालत नाही, वेगळे विमान-पेट्रोल लागते. त्या इंजिनांवर हात बसलेले तंत्रज्ञ कमी आहेत. कोकणपट्टीची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस जुन्या धातूला आणि टायगर मॉथच्या कापडी पंखांना मानवणारा नाही. शिवाय भारतात पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर रीतसर परवाना लागतो. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

उद्या एखाद्या संस्थेने असा प्रस्ताव आणलाच, तर परदेशातील दोन अपघातांचा धडा आपल्यासमोर तयार आहे. संमतीचा कागद हवा, पण त्याआधी देखभालीच्या नोंदींची स्वतंत्र तपासणी, उड्डाणाच्या उंचीची आणि हवामानाची पक्की मर्यादा आणि प्रत्येक पाहुण्याचा विमा हवा.

तोपर्यंत ओव्याहून निघून जुनी युद्धविमाने जवळून पाहायची असतील, तर गोव्यात बोगमाळोजवळचे नौदल विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक, अलिझे ही विक्रांतवरून उडालेली विमाने हात लांब करण्याइतक्या अंतरावर उभी आहेत आणि तिथे फक्त प्रवेशाचे तिकीट लागते, जोखमीच्या कागदावर सही करावी लागत नाही. आणि परदेशातली सफर ठरलेलीच असेल, तर जरूर जावे. फक्त सही करण्याच्या आदल्या रात्री तो कागद एकदा शेवटपर्यंत वाचावा, आणि घरच्यांनाही वाचून दाखवावा.